पलटण, भजन आणि अर्ज

न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका कागदाचा उल्लेख केला. वडील वारल्यानंतर त्यांच्या जुन्या दप्तरात त्यांना एका अर्जाची प्रत सापडली होती. महारांची सैन्यभरती बंद करणाऱ्या १८९२ च्या हुकुमाविरुद्ध महार समाजातील एका अधिकाऱ्याने हिंदुस्थान सरकारकडे केलेला तो अर्ज होता. चौकशी केल्यावर त्यांना कळले की अर्जाचा मसुदा रानड्यांनी करून दिला होता. आंबेडकरांचे चरित्रकार या अर्जामागची खटपट त्यांच्या वडिलांचीच, म्हणजे रामजींचीच मानतात. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा बाबासाहेबांचे वडील म्हणून. चरित्राच्या पहिल्या प्रकरणात ते येतात, शिस्तप्रिय आणि धार्मिक ही दोन विशेषणे घेऊन मागे सरतात आणि पुढची पाने मुलाच्या नावावर जमा होतात. पण पलटणीतली नोकरी, कबीरपंथी श्रद्धा, रोजचे भजन आणि सरकारदरबारचा अर्ज ही त्यांच्या आयुष्याची चार सुटी अंगे नव्हती. पलटणीने अक्षर दिले, भजनाने ते अक्षर घरात रुजवले आणि अर्जाने त्याच अक्षराच्या बळावर हक्क मागितला. महाराष्ट्रातल्या दलित चळवळीची पहिली वाचणारी, लिहिणारी आणि संघटित होणारी पिढी ज्या घरांत घडली, त्यांत माजी सैनिकांची घरे ठळक होती. रामजींचे घर हा त्यांचा सर्वांत चांगला नोंदला गेलेला नमुना आहे.

ही घरे उभी कशी राहिली, हे कळायला मुंबई इलाख्याच्या सैन्याकडे पाहावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकापासून आपल्या मुंबई सैन्यात महारांची भरती केली. कोकणातल्या महारांना गावात जमीन जवळजवळ नव्हतीच. होती ती वेसकरकी, सांगावे पोचवणे, मेलेली गुरे ओढणे आणि त्याच्या बदल्यात हात पसरून घ्यायचे बलुते. पलटणीने यातून बाहेर पडायचा रस्ता दिला. ठरलेला पगार, अंगावर गणवेश, शौर्य आणि नोकरीची वर्षे पाहून मिळणारी बढती आणि शेवटी पेन्शन. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपाई कंपनीच्या बाजूने लढले आणि तिथल्या स्तंभावर मृतांच्या यादीत त्यांची नावे कोरली गेली. रामजींचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगडजवळच्या आंबडवे गावचे. वडील मालोजी सैन्यातच होते. कंपनीच्या राज्याच्या आरंभापासूनच आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून सैन्याची वाट धरली, असे आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. रामजींची पत्नी भीमाबाई ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकर घराण्यातली, आणि तिच्या माहेरीही सुभेदार-मेजरपदापर्यंत चढलेली माणसे होती. म्हणजे हे लग्न दोन सैनिकी घराण्यांतले होते. दोनतीन पिढ्यांत महारांमध्ये असा एक थर तयार झाला होता, ज्याची सोयरीक, मिळकत आणि प्रतिष्ठा गावगाड्याबाहेर ठरत होती.

या थराला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पगाराहून वेगळी होती. सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. कंपनीच्या सैन्यात हे शिक्षण सक्तीचे होते आणि त्यात मुलीही येत, असे आंबेडकरांनी आवर्जून नोंदवले आहे. गावच्या शाळेच्या ओसरीवरही ज्यांच्या मुलांना धड बसू दिले जात नव्हते, त्यांना छावणीत पाटी-पेन्सिल मिळत होती. रामजी पुण्याच्या सैनिकी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. हुद्दा सुभेदाराचा असला तरी त्यांच्या नोकरीचा मोठा भाग बंदुकीपेक्षा खडूशी जोडलेला होता. मराठी त्यांचे पक्के होते, इंग्रजीही चांगले होते. भाषांतराची त्यांना विलक्षण गोडी होती. मुलाकडून त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटून घेतल्या. चौदावे अपत्य भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मले, तेव्हा त्या घरात पुस्तक ही परकी वस्तू उरलेली नव्हती.

रामजींची श्रद्धाही याच काळात आकाराला आली. त्यांचे वडील रामानंदी पंथाचे होते, रामजींनी कबीरपंथ स्वीकारला. मांस आणि मद्य सोडले, मूर्तिपूजा नाकारली, पंथाचे ग्रंथ नेमाने वाचू लागले. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक महार कुटुंबांनी ही वाट धरली होती आणि त्यामागे विचार होता. देवळाचा उंबरठा ज्याला बंद, त्याला देऊळच अनावश्यक ठरवणारा कबीर जवळचा वाटला तर नवल नाही. शिवाय कबीरपंथाची दीक्षा घेतलेला माणूस आपले आचरण स्वतः ठरवतो, ते गावाने लादलेले राहत नाही. छावणीच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला नेम, संयम आणि वाचन मागणारा हा पंथ मानवला असणार. तरी या श्रद्धेला काटेकोर सुसंगती नव्हती. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी वडिलांच्या धार्मिक जीवनातली विसंगती स्पष्ट सांगितली आहे. कबीरपंथी असूनही वडील मुलांसाठी म्हणून गणपती बसवत आणि ते मुलाला पटत नसे. रामायण-महाभारताचा वडिलांचा आग्रहही त्याला खटकत असे. रामजींचे उत्तर असे की आपण अस्पृश्य असल्यामुळे मनात न्यूनगंड येणे साहजिक आहे आणि तो घालवायला हे ग्रंथ उपयोगी पडतात. द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी सामान्य स्थितीतून कुठल्या उंचीला गेले ते पाहा, असे ते सांगत. मुलाचे समाधान झाले नाही, आणि त्याला महाभारतातल्या कोणत्याच पात्राविषयी आदरही वाटला नाही. इथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की रामजी ग्रंथाकडे पोथी म्हणून न पाहता मनाची ताकद वाढवणारे साधन म्हणून पाहत होते. आणि मुलाने उलट प्रश्न विचारला तर त्याला कारण देऊन उत्तर देत होते.

या सगळ्याचा मध्यबिंदू होता रोजचे भजन. संध्याकाळी जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाने देवघरापाशी जमायचे, त्यात सवलत नाही. रामजी अभंग आणि कबिराचे दोहे म्हणत, मुले साथ करत. मुक्तेश्वर, मोरोपंत, तुकाराम यांची कविता त्या घरात मुखोद्गत होती. बहिणींच्या गोड आवाजातली ती भजने ऐकताना वातावरण कसे भारून जाई, याची आठवण आंबेडकरांनी मोठेपणी सांगितली आहे. रात्री झोपण्यापूर्वी भीमराव आणि त्यांचे थोरले भाऊ यांनी बहिणींना आणि कथा ऐकायला जमलेल्या इतर माणसांना रामायण-महाभारताचा काही भाग वाचून दाखवायचा, हा नेमही कित्येक वर्षे चालला. या दृश्याकडे केवळ भाविकपणा म्हणून पाहिले तर त्यातले शिक्षण निसटते. मोरोपंतांची आर्या तालात म्हणायची तर शब्द फोडता आला पाहिजे, समास कळला पाहिजे, श्वास कुठे घ्यायचा ते कळले पाहिजे. श्रोत्यांसमोर मोठ्याने वाचायचे तर अर्थ लावत पुढे जावे लागते. ज्या मुलाला पुढे शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली, त्याच्या मराठीला पल्ला मिळाला तो या गायनातून आणि वाचनातून. आणि शेजारीपाजारी ऐकायला येत होते, म्हणजे ते घर वस्तीची शाळा आणि वाचनालय दोन्ही होते.

सैनिकी शिक्षणाचा हा रस्ता रामजींच्या डोळ्यांदेखत बंद झाला. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी हिंदुस्थानी माणसांची वाटणी करणारा सिद्धान्त त्यांच्या कारकिर्दीत सैन्याचे धोरण बनला. भरतीचा रोख पंजाबी, गुरखे, पठाण यांच्याकडे वळला. पलटणी जातवार रचायच्या ठरल्या आणि महारांच्या हाताखाली उच्चवर्णीय शिपाई काम करणार नाहीत, ही जुनी कुरबूर आता सरकारी कारण म्हणून पुढे आली. १८९२ च्या हुकुमाने महारांची भरती थांबली. सरकारच्या दृष्टीने ही फेररचना होती, महार कुटुंबांच्या दृष्टीने एका झटक्यात नोकरी, शाळा, बढती आणि पेन्शन ही पुढच्या पिढीची संपूर्ण शिडी काढून घेतली गेली. या घावाला उत्तर दिले ते पेन्शनरांनी. कोकणातले दापोली हे कॅम्प म्हणून ओळखले जाणारे गाव, निवृत्त महार आणि चांभार सैनिकांची वस्ती तिथे मोठी होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेच्या आधारांनाच प्रश्न विचारले. महात्मा फुल्यांच्या विचारांचा ठसा त्यांच्यावर होता, ‘दीनबंधू’तून ते लिहीत. अनार्य दोष परिहारक मंडळींच्या वतीने भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी करणारा अर्ज त्यांनी १८९४ मध्ये तयार केला. रामजीही फुल्यांचे चाहते होते. त्यांनी रानड्यांचा दरवाजा ठोठावला तो याच सुमारास. सत्यशोधक विचाराचा सुभेदार आणि प्रार्थना समाजाचा न्यायाधीश यांची ही गाठ दाखवते की रामजी आपल्या वर्तुळाबाहेरची मदत मिळवणारे होते. सरकारने दाद दिली नाही. पण कायद्याची भाषा वापरून, आपली सेवा पुरावा म्हणून मांडून, हक्क म्हणून मागणी करायची रीत त्या अर्जांनी घालून दिली.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंबासह दापोलीला आले, मग साताऱ्याला गेले. तिथे १८९६ मध्ये भीमाबाई वारल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले, ते लहान भीमरावांना रुचले नाही. पेन्शनीत भागेना म्हणून रामजींनी नोकऱ्या केल्या. दुष्काळाच्या दिवसांत सरकारने खटाव तालुक्यात तलाव खोदण्याचे काम काढले होते. हजारोंनी माणसे मरत असताना त्यांना मजुरी देणाऱ्या त्या कामावर रामजी कॅशियर होते. १९०१ साली वडिलांना भेटायला मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. निरोपाची चिठ्ठी वेळेवर न मिळाल्याने न्यायला कोणी आले नव्हते. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली, महार आहेत हे कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडे घेऊन आणि मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर एक गाडीवान तयार झाला. रात्रभर पाणी मिळाले नाही. आंबेडकरांनी हा प्रसंग पुढे सविस्तर लिहिला. सुभेदाराच्या नोकरीने घराला कपडे, भाषा आणि स्वाभिमान दिला होता. छावणीच्या कुंपणाबाहेर त्या स्वाभिमानाला काहीच आधार नव्हता, हे त्या रात्री मुलांना उमगले. प्रतिष्ठेची सवय लागलेल्या माणसाला अपमान अधिक बोचतो, आणि ही बोचच पुढे चळवळीचे भांडवल झाली.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एका खोलीत संसार, धूर, लाकूडफाटा आणि अभ्यास. मुलाला लवकर झोपवून रामजी स्वतः जागत आणि पहाटे दोनला त्याला अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकींकडे जाऊन दागिना मागत, तो गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले. वडिलांच्या धर्माविषयी ज्याच्या मनात आधीच प्रश्न होते, त्याला दुसरी दिशा दाखवणारे ते पुस्तक ठरले. बडोदे संस्थानात नोकरीला जाऊ नये असे रामजींचे मत होते. तिथे जातीचा जाच होईल ही त्यांची भीती पुढे खरी ठरली. मुलगा बडोद्याला रुजू होऊन थोडे दिवस झाले असतानाच २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की परकीय सत्तेच्या सैन्यात केलेली नोकरी ही सेवा कशी म्हणायची? आक्षेप हलका नाही. कंपनीचे सैन्य हे जिंकण्याचे हत्यार होते आणि त्याने दिलेले शिक्षण उपकार म्हणून दिलेले नव्हते. पण गावगाड्यात ज्याला माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्याच्यापुढे निवड कुठली होती, हे विचारल्याशिवाय हा न्याय पुरा होत नाही. शिवाय सरकारची गरज संपताच याच सरकारने महारांना बाहेर ढकलले, तेव्हा या माजी सैनिकांनी निमूट सलाम केला नाही, सरकारशी भांडण मांडले. निष्ठा आणि मागणी या दोन्ही गोष्टी त्यांच्या अर्जात एकत्र नांदतात. रामजींची खरी सेवा शोधायची तर ती शाळेच्या वर्गात, दुष्काळी कामाच्या हिशेबात आणि त्या अर्जात शोधावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आंबेडकरांच्याच विचारातून येतो. संतांनी देव आणि माणूस यांच्या नात्यापुरती समता सांगितली, माणसामाणसांतल्या जातीच्या उतरंडीवर घाव घातला नाही, असे त्यांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’च्या वादात गांधीजींना उत्तर देताना लिहिले. मग भजनाने चळवळ घडवली असे म्हणणे म्हणजे मुलाने नाकारलेली गोष्ट वडिलांच्या प्रेमापोटी परत आणणे नव्हे काय? याचे उत्तर शोधताना सिद्धान्त आणि संस्कार वेगळे ठेवावे लागतात. सिद्धान्त म्हणून आंबेडकरांनी भक्तिमार्ग पुरेसा मानला नाही आणि अखेर १९५६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. संस्कार म्हणून मात्र भजनाने दिलेली भाषा त्यांनी टाकली नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकाराम होते, १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. आपले तीन गुरू सांगताना बुद्ध आणि फुले यांच्यासोबत त्यांनी कबिराचे नाव घेतले. ज्या कबिराला वडील पंथ म्हणून पूजत, त्याला मुलाने विचार म्हणून स्वीकारले. मुलाला वडिलांशी मतभेद करण्याची ताकद ज्या वाचनाने दिली, ते वाचनही त्याच घरात सुरू झाले होते.

तिसरा आक्षेप इतिहासकाराला सर्वांत जास्त अडवतो. रामजी मोठे दिसतात ते मुलगा मोठा झाला म्हणून, आणि त्यांच्याविषयी आपल्याला कळते तेही मुख्यतः मुलाच्याच आठवणींतून. मुलाचा प्रकाश काढून घेतला तर काय उरेल? याचे उत्तर रामजींच्या भोवतीच्या माणसांत आहे. वलंगकरांचा मुलगा घटनाकार नव्हता, तरी त्यांनी पुस्तिका लिहिली, मंडळी जमवली, १८९५ मध्ये महाड लोकल बोर्डावर नेमणूक मिळवली आणि तिथे उच्चवर्णीय सभासदांचा विरोध सोसला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला एकावन्न गावांच्या महारांची सभा घेऊन सैन्य आणि पोलीस खात्याची दारे उघडण्याची मागणी केली, १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ मासिक काढले आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. म्हणजे लिहिणे, सभा भरवणे आणि अर्ज करणे ही रीत आंबेडकरांच्या आधी पंचवीस-तीस वर्षे रुळलेली होती. रामजी या रीतीतले एक होते. आठवणींनी त्यांच्या घरातला तपशील वाचवला, एवढाच त्यांच्यात आणि इतर विस्मृत पेन्शनरांत फरक आहे.

परिणामांचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. अर्जांचे तात्काळ फळ शून्य होते. पहिल्या महायुद्धाची गरज भासली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर सुभेदार रामजींचा मुलगा होता. पन्नास वर्षे एका मागणीला लागली. या पन्नास वर्षांत सैन्यात जाता न आलेली एक अख्खी पिढी गिरण्यांत, रेल्वेत आणि चाळींत गेली. तिला छावणीची शाळा मिळाली नाही. तरीही या पिढीला सभेत उभे राहून बोलता आले, वर्तमानपत्र वाचून दाखवता आले, जलशात गाऊन विचार पोचवता आले, कारण ज्या घरांत आधीच अक्षर आणि आवाज एकत्र आले होते, त्यांनी ते पुढे दिले. म्हणून रामजींचे स्मरण करताना त्यांना थोर पुत्राचे पिता एवढ्या चौकटीत ठेवणे म्हणजे त्यांच्या काळाचा इतिहासच अर्धवट वाचणे होय. सरकारने काढून घेतलेली नोकरी त्यांना परत मिळवता आली नाही. पण नोकरीतून मिळालेले शिक्षण सरकारच्या हुकुमाने परत जाणार नाही, इतके ते त्यांनी घरात आणि वस्तीत मुरवले. चळवळी नेत्यांनी घडतात हे खरेच, पण नेता उभा राहण्याआधी ऐकणारे आणि वाचणारे लोक तयार असावे लागतात, आणि ते तयार करण्याचे काम महाराष्ट्रात अनेक निवृत्त सुभेदार-जमादारांनी केले. इतिहासाने त्यांना वडील म्हणून नव्हे, आरंभकर्ते म्हणून नोंदवायला हवे.